शिकणाऱ्या हातांनी सेवेला जाताना

(नांदेड व लातूर येथील वैद्यकीय, परिचर्या आणि औषधनिर्माण शाखांच्या विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हणालो, की डॉक्टर आणि परिचारिका होऊ घातलेल्या मुलांपुढे बँकेतल्या कारकुनाने काय बोलावे? मी कला शाखेचा पदवीधर. माणसाच्या शरीरात हाडे किती, हेदेखील मला खात्रीने सांगता यायचे नाही. त्यावर आपले सचिव म्हणाले, "तुम्हाला औषध सांगायला बोलावलेले नाही. तुम्ही रुग्णाच्या बाजूने बोला. आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच बाजूचे आहोत." ते मला पटले. म्हणून मी रुग्णाच्या बाजूने चार शब्द बोलणार आहे. कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

विषय निवडायला मला फार शोधाशोध करावी लागली नाही. मागे आपल्यापैकीच एक विद्यार्थिनी बँकेत माझ्या टेबलाशी आली. हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक होते. एका गरीब देशात जाऊन दोन आठवडे वैद्यकीय सेवा करायची, विमानभाडे आणि शुल्क विद्यार्थ्याने भरायचे, शेवटी प्रमाणपत्र मिळणार, असा मजकूर होता. त्यासाठी कर्ज मिळेल काय, असे ती विचारीत होती. शैक्षणिक कर्ज अशा पत्रकावर मिळत नाही, एवढे मी तिला सांगितले. जाता जाता तिने विचारले, "काका, जाणं चांगलं का वाईट?" मागे रांग लागलेली. तिथे उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते.

पत्रकावर एक छायाचित्र होते. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला एक हसरा तरुण, आणि त्याच्याभोवती अनवाणी, नाक वाहणारी दहा-बारा लेकरे. तरुणाचे नाव खाली छापले होते. लेकरांची नावे नव्हती. ते छायाचित्र किनवटच्या एखाद्या तांड्यावर किंवा आपल्याच वस्तीत काढले असते, तरी तसेच दिसले असते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीतून सुरू होते. परवापर्यंत आपण त्या छायाचित्रातली लेकरे होतो. आज आपली मुले स्टेथोस्कोपच्या बाजूला उभी राहत आहेत. तिथे उभे कसे राहावे, हे आपल्याला ठरवायचे आहे.

परमुलखात जाऊन रोग्यांची सेवा करणे आपल्या परंपरेला नवे नाही. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. आपल्या राज्यात, तसेच सीमेपलीकडे चोल, पांड्य, सातियपुत्र, केरळपुत्र यांच्या मुलखात, ताम्रपर्णीपर्यंत, आणि पश्चिमेला अंतियोक नावाच्या यवन राजाच्या राज्यात माणसांच्या व जनावरांच्या चिकित्सेची सोय केल्याचे त्यात कोरले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पण त्या लेखात पुढे जे आहे तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जिथे औषधी वनस्पती, मुळे आणि फळे नव्हती तिथे ती नेली आणि लावली. वाटेवर विहिरी खणल्या, झाडे लावली, असे तो लेख सांगतो. वैद्य आला नि गेला, तर गावाला त्याची आठवण तेवढी राहते. औषधी झाड लावले तर तो गेल्यावरही त्याचा काढा करता येतो. जिथे जिथे कोणी सेवेला गेले, तिथे ते गेल्यानंतर मागे काय उरले, असा प्रश्न मी विचारत आलो आहे. कारकुनी सवय आहे. दिवस संपला की शिल्लक मोजायची.

आता मराठी माणसाच्या माहितीचे उदाहरण घेऊ. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटनीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या, पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. म्हणजे तुमच्यातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपेक्षा फार मोठे नव्हते. त्या वेळी जपानने चीनवर आक्रमण केले होते. चीनचे सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर पाठविण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी लोकांना आवाहन केले. चीन दिन पाळून आणि झेंडे विकून २२ हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका घेतली गेली. लक्षात घ्या, आपण स्वतः तेव्हा पारतंत्र्यात होतो, आपल्याकडे कॉलऱ्याने गावे ओस पडत होती. एका गरीब देशाने दुसऱ्या गरीब देशाला वर्गणी काढून डॉक्टर पाठविले.

पथकात पाच जण होते. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे वयाने बरेच वडील असलेले डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले कोटनीस. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोट सुटली. चीनमध्ये पोहोचल्यावर बरेच महिने ते या शहरातून त्या शहरात हलत राहिले, कारण आघाडी रोज मागे सरकत होती. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले. चिनी लोकांनी पाचही जणांना चिनी नावे दिली होती, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर होते. त्याचा अर्थ चीन. कोटनीसांचे नाव के दिहुआ.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट जुन्या लोकांनी पाहिला आहे. चित्रपटात लढाई आहे, गाणी आहेत, प्रेम आहे. माझे लक्ष मात्र दुसरीकडेच जाते. या माणसाने तिथे गेल्यावर काय काय केले ते क्रमाने पाहा. आधी भाषा शिकला. नुसती "कुठे दुखते?" एवढी नव्हे, वर्गात उभे राहून चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकविता यावी इतकी शिकला. त्या भागात काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून १९३९ च्या नोव्हेंबरात वारले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटनीस १९४१ च्या जानेवारीत संचालक झाले, आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक त्यांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी लिहावयास घेतले. १९४० च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात, आणि ती गोष्ट खरोखर मोठी आहे. तरी मला त्याहून ते पाठ्यपुस्तक मोठे वाटते.

वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली. ते परतले नाहीत. परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ साली लग्न केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटनीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय अवघे ३२. पाचातले चौघे आधी किंवा नंतर परत आले. त्यांच्याविषयी मला कमीपणाने बोलायचे नाही. डॉ. चोळकरांसारख्या वयस्क माणसाने त्या थंडीत, त्या बाँबवर्षावात जाणे हेच केवढे. पण चीनच्या त्या खेड्यांत कोटनीस गेल्यावर त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आणि परिचारिका उरल्या, ही शिल्लक आहे.

त्यांच्या कथेतली दुसरी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. कोटनीस शिकून, परीक्षा देऊन, पात्र होऊन गेले. युद्ध चालले होते, डॉक्टर मिळत नव्हते, म्हणून कोणालाही उचलून पाठविले असे झाले नाही. आपल्या पिटकात जीवकाची कथा आहे. तो तक्षशिलेला सात वर्षे शिकला. तरी गुरूंनी त्याला तसेच सोडले नाही. एक योजन परिसरात फिरून, औषधी नाही अशी वनस्पती शोधून आण, म्हणून सांगितले. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला, एकही निरुपयोगी झाड सापडले नाही म्हणाला. तेव्हा कुठे गुरूंनी त्याला जा म्हटले. आज आपल्याकडेही हाच नियम आहे. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाला आंतरवासितेचे वर्ष वरिष्ठांच्या देखरेखीखाली काढावे लागते, परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाही. परिचारिकांची परिषद वेगळी, औषधनिर्मात्यांची वेगळी. नियम सगळीकडे तोच.

मग श्रीमंत देशांतून गरीब देशांत दोन आठवड्यांसाठी जाणारी विद्यार्थ्यांची पथके तिकडे काय करतात? पुष्कळ जण चांगले काम करतात, हे मान्य करू. पण जी गोष्ट त्यांना आपल्या देशात करता येत नाही ती तिकडे करावयास मिळते, हेही अशा सफरींचे एक आकर्षण असते. टाके घालणे, दात काढणे, बाळंतपण करणे. स्वतःच्या गावात ज्या मुलाला कोणी इंजेक्शन देऊ देणार नाही, तो तिकडच्या बाईच्या बाळंतपणात हात घालतो. का? तर ती बाई गरीब आहे, तिला विचारणारे कोणी नाही, आणि काहीतरी मिळतेय म्हणून ती गप्प बसते. गरिबाच्या अंगावर हात साफ करून घ्यायचा आणि श्रीमंतांच्या दवाखान्यात नोकरी धरायची, ही रीत जुनी आहे. ती परदेशातच चालते असे नाही.

इथे मला थोडे घरचे सांगू द्या. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणपती विसर्जन होते, माणसे थकून झोपलेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, पेठसांगवी, अशी औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ते सगळे झोपलेल्या माणसांवर आले. कुडाच्या, पत्र्याच्या खोपटात राहणारे पुष्कळ वाचले. गावकुसाबाहेरच्या गरिबीने त्या रात्री आपल्या काही लोकांचा जीव वाचविला, असे आमच्याकडे म्हातारी माणसे अजून म्हणतात, आणि म्हणताना हसावे की रडावे हे त्यांना कळत नाही.

मी तेव्हा शाळेत होतो. माझी मावशी औसा तालुक्यातली. तिच्या पायावर भिंत पडली होती. तिला एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेले. मुलगा बरोबर नव्हता; तो दुसऱ्या गाडीतून दुसऱ्याच गावाला गेला होता, आणि जिवंत आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हते. रोज सकाळी दहा-बारा विद्यार्थी तिच्या खाटेभोवती गोळा होत. मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलत. कोणीतरी पांघरूण बाजूला करी, पाय दाबून पाही, मग दुसरा दाबी. लुगडे वर सरकले आहे, बाई संकोचली आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. पुढे कितीतरी वर्षे ती सांगायची, "त्याहीनं माज्या पायाला बगितलं. मला कुनी बगितलंच न्हाई."

याच मावशीने त्याच वॉर्डातल्या एका मुलीचेही सांगितले आहे. परिचर्येच्या पहिल्या वर्षाची असावी, मावशीला तिचे नाव कधी नीट आठवले नाही. ती मुलगी संध्याकाळी ड्युटी संपल्यावर वही घेऊन यायची आणि खाटेखाटेवर जाऊन लिहून घ्यायची. नाव काय, गाव काय, घरात कोण कोण होते, कोण सापडले, कोणाचा पत्ता नाही. मग दुसऱ्या दवाखान्यांत जाणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर ती यादी पाठवायची. अकराव्या दिवशी मावशीचा मुलगा त्या यादीतून सापडला. तिने शस्त्रक्रिया केली नाही, सलाईनही लावले नसेल. जे तिला येत होते, लिहिणे आणि विचारपूस करणे, ते तिने केले. आणि त्या वेळी ते करणारे दुसरे कोणी नव्हते.

भूकंपासारख्या आपत्तीत पहिले दोन दिवस गाडल्या गेलेल्या माणसांना काढण्याचे असतात. ते काम गावच्या माणसांनी, शेजारच्या गावांनी आणि लष्कराने केले. बाहेरची पथके पोहोचतात तोपर्यंत मोडलेली हाडे बहुतेक दवाखान्यात गेलेली असतात. त्यानंतर गरज लागते ती स्वच्छ पाण्याची, जखमा रोज धुण्याची, धनुर्वाताच्या लसीची, गरोदर बायांची, आणि ज्यांचे सगळे गेले त्यांच्याजवळ बसण्याची. ही कामे दिसायला लहान असतात. त्यांचे छायाचित्र निघत नाही. आणि औषधांचे म्हणाल, तर जगात जिथे जिथे आपत्ती आली तिथे तिथे अनाहूत औषधांचे ढीग येऊन पडले. त्यांतली कित्येक मुदत संपलेली, कित्येकांवर न वाचता येणाऱ्या भाषेतली लेबले. शेवटी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेला औषधदानाचे नियम करावे लागले. मागितले तेच पाठवा, तिथल्या लोकांना कळेल अशा भाषेत लेबल असू द्या, पोहोचल्यावर निदान वर्षभर मुदत शिल्लक असू द्या, असे साधे नियम. दान देणाऱ्यालासुद्धा नियम लागतात, हे आपल्या औषधनिर्माणच्या मुलांनी वाचावे.

आपल्या धम्मात यासंबंधी जे सांगितले आहे ते आपण दर वंदनेला आठवत नाही, म्हणून इथे सांगतो. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारात फिरत असता त्यांनी ते पाहिले. विचारपूस केली तेव्हा कळले, की हा इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते याची शुश्रूषा करीत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजविले. नंतर भिक्खूंना जमवून त्यांनी समजावले, की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रोग्याची सेवा करावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाच्या करुणेविषयी लिहिताना ही कथा घेतली आहे. विनयपिटकात याच ठिकाणी रोग्याची शुश्रूषा करणारा कसा असावा तेही आले आहे: त्याला औषध तयार करता यावे, काय मानवते आणि काय मानवत नाही हे कळावे, तो लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणारा असावा, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढण्याची त्याला किळस नसावी, आणि योग्य वेळी बोलून त्याने रोग्याला उभारी द्यावी. पाहा, यातली पहिली दोन लक्षणे ज्ञानाची आहेत. नुसत्या करुणेने भागत नाही. ज्याला औषध करता येत नाही तो कितीही प्रेमळ असला तरी त्याच्या हाती रोगी द्यायचा नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले. आणि मलमूत्र काढणे हे काम कोणा एका जातीवर न ढकलता सेवेच्या लक्षणांत घातले, हे आपण तरी विसरता कामा नये.

सावित्रीबाई फुले यांनी हेच केले. १८९७ च्या प्लेगात त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. मुलगा वाचला, त्यांना प्लेग झाला, १० मार्चला त्या गेल्या. सावित्रीबाई डॉक्टर नव्हत्या. औषध यशवंतरावांनी द्यायचे, रोगी आणायचे काम त्यांचे. कोणी काय करायचे हे दोघांत स्पष्ट होते.

आता आपल्या शेजारचे उदाहरण. जामखेड इथून काही फार लांब नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे १९७० साली काम सुरू केले. कामासाठी गावातल्या बायका निवडल्या गेल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित समाजातल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, लेकरांचा आहार, जुलाबावरचे मीठ-साखर-पाणी, क्षय आणि कुष्ठरोगाची ओळख शिकविली. गावातल्या ज्या घरात या बाईला उंबऱ्याबाहेर उभे करीत, त्याच घरात तिला सुनेच्या बाळंतपणासाठी बोलवावे लागू लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ज्या गोष्टीचे मला सर्वांत कौतुक वाटते ती ही, की अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया येथील वैद्यकीय विद्यार्थी जामखेडला येऊ लागले ते उपचार करायला नव्हे, शिकायला. आणि त्यांना शिकवायला उभ्या राहत त्या या बायका. १९८८ साली त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टनच्या एका परिषदेत भाषण केले. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की हे दिवे सुंदर आहेत पण महाग आहेत, आमच्यासारखी पणती साधी असते, आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते. मी माझ्या शब्दांत सांगतो आहे, पण आशय हा.

अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनचे मूळही विद्यार्थ्यांतच आहे. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या काही मुलांनी शिकता शिकता गट केला, खेड्यांत जाऊ लागले, आणि डॉक्टर झाल्यावर त्यांतले काही तुळजापूर तालुक्यात अणदूरला येऊन राहिले. तिथेही गावच्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केले. आज प्रत्येक गावात आशाताई आहे. २००५ नंतर ती योजना देशभर आली. तिची पाळेमुळे अशाच कामांत आहेत. तुम्ही कोणत्याही गावी जा, पहिल्यांदा आशाताईला भेटा. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोण गोळ्या घेत नाही, कोण दारू पितो, हे तुमच्या प्राध्यापकांना ठाऊक नसते ते तिला असते.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. परदेशी जाणे वाईट नाही. नेपाळ असो, आफ्रिका असो, संधी आली तर जावे. पण पत्रक हाती आले की आधी काही गोष्टी विचाराव्यात. तिथल्या कोणी आपल्याला बोलावले आहे काय? माझ्यावर देखरेख कोण करणार, आणि तो त्या देशाचा नोंदणीकृत डॉक्टर आहे काय? मला येत नाही ते काम समोर आले तर नाही म्हणण्याची मुभा आहे काय? माझ्या पैशातले तिथल्या दवाखान्याला किती पोहोचतात आणि पत्रक छापणाऱ्याकडे किती राहतात? शेवटचा प्रश्न बँकवाल्याचा आहे, तरी विचाराच. आणि समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत तर तेवढ्या पैशांत इथे वर्षभर काम करता येते. लातूर पॅटर्नचा डंका देशभर वाजतो, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून दर वर्षी किती मुले डॉक्टर व्हायला जातात याची मोजदाद नाही. तरी २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत तान्ही बाळे होती, आणि ते वृत्त साऱ्या देशाने वाचले. गरीब देश शोधायला पासपोर्ट लागतोच असे नाही.

आता कामाचे सांगतो. आपल्या संस्थेने किनवट आणि माहूर भागातल्या काही पाड्यांवर व तांड्यांवर महिन्यातून एकदा जाण्याचे ठरविले आहे. तिकडे कोलाम, गोंड, आंध, बंजारा वस्ती आहे. घरात गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलतात. आपली शहरी मराठी म्हाताऱ्या बायांना अर्धीच कळते. तेव्हा जाण्याआधी दोन बैठका फक्त भाषेच्या होतील, आणि त्या तिकडच्याच एक ताई घेणार आहेत. त्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत; कोणाला हे आधीच निदान झालेले आहे, कोणाच्या गोळ्या चालू आहेत, कोण मध्येच थांबले, याची घरनिहाय नोंद करणे हे पहिल्या सहा महिन्यांचे मुख्य काम. तपासणी आणि औषध नोंदणीकृत डॉक्टरच देतील. आपल्या समाजातले तीन डॉक्टर पाळीपाळीने यायला तयार झाले आहेत. छायाचित्रे काढायची नाहीत. बिस्किटांचे पुडे वाटायचे नाहीत. एकदा गेले आणि पुन्हा फिरकलेच नाही, असे चालणार नाही. जो नाव देईल त्याने निदान एक वर्ष यायचे.

दुसऱ्या शनिवारी बँकेला सुटी असते, म्हणून तो दिवस धरला आहे. मी स्वतः येणार आहे. रजिस्टर सांभाळण्याखेरीज मला काही येत नाही, ते मी करीन. नांदेडहून रेल्वेने किनवटला जायचे, पुढे जीप. भाडे संस्था देईल, डबा ज्याने त्याने आणावा. लातूरकडच्या मुलांनी आदल्या रात्री नांदेडला मुक्कामी यावे, बुद्धविहारात सोय केली आहे.

अर्ज सचिवांकडे आहेत, कार्यक्रम संपल्यावर घ्या. अर्जात नाव-पत्त्याखाली दोन रकाने आहेत. पहिल्यात आपल्याला काय काय करता येते ते लिहायचे. दुसऱ्यात, काय अजून येत नाही ते. दुसरा रकाना रिकामा ठेवलेला अर्ज मी परत करणार आहे, मग तो कितीही गुणवंताचा असो.

जय भीम. नमो बुद्धाय.